दोन तासांवरची दिल्ली

“नाशिक ते मुंबई कशाला धरायचं त्यात? नकाशात ते नखाएवढं,” शेजारचे काका ओट्यावर कुणाला तरी सांगत होते. मी खिडकीशी अभ्यास करत होते. पुढचं मला पाठ होतं. सांताक्रूझ ते पालम, साडेअकराशे किलोमीटर, विमानाने दोन तास. त्यांच्या अरुणला दिल्लीत नोकरी लागल्यापासून काका हे भेटेल त्याला ऐकवत. कॉलनीतली मुलं त्यांना दोनतासकाका म्हणत, आणि ते खुशाल ओ देत.

इंग्रजी शाळेतला नकाशा जास्त अचूक असतो, अशी त्यांची समजूत. म्हणून ते माझा अ‍ॅटलास मागायला येत. काकूंच्या शिलाई मशीनचा पांढरा दोरा मुंबईवर धरायचा, दिल्लीपर्यंत ताणायचा आणि पट्टीवर मोजायचा. दर वेळी तो तेवढाच भरे, आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळे. मी बुजरी, नुसती मान हलवायची. त्यांना तेवढंही पुरे.

काकू चिमटा काढत. एकदा माझ्या आईला म्हणाल्या, “यांना विचारा, एसटी कसाऱ्याला बंद पडली की ते कुठल्या तासात धरायचं?” काका हसले. पण अरुणदादाने दोघांना कायमचं दिल्लीला बोलावलं, तेव्हा मुलगा एवढा जवळ असताना घर कशाला मोडायचं, म्हणून त्यांनीच नकार कळवला. दिल्लीला गेलं ते काकूंचं लोणचं.

त्या श्रावणात एका संध्याकाळी काकू चहा ठेवताना कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. कॉलनीत फोन फक्त आमच्याकडे. पप्पांनी ट्रंक कॉल लावला, अरुणदादा पहाटेच्या विमानाने निघतो म्हणाला. काका काकूंच्या उशाशी बसले. तो आईचं तोंड बघेल, मगच न्यायचं, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

दुसऱ्या दिवशीची दुपार उलटली. काकूंभोवती रचलेला बर्फ वितळत होता, बाहेर पाऊस थांबत नव्हता. दिवस मावळायच्या आत न्यायला हवं, असं मोठी माणसं आपसात बोलू लागली, पण काकांना सांगायला कुणी धजेना. विमान तर कधीच उतरलं असेल, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आमचा फोन वाजला तेव्हा घरात मी एकटी होते. अरुणदादा कसाऱ्याहून बोलत होता. घाटात दरड कोसळली होती, रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद. तो रडत होता. मोजकं काही बोलला आणि लाइन तुटली.

मी शेजारी गेले. खोली पुरुषांनी भरली होती. पप्पांच्या कानात सांगून सुटावं, असं वाटलं. तेवढ्यात काकांनी मला दारात पाहिलं आणि भिंत धरून उभे राहिले.

“आला का गं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आत गेले आणि त्यांचा हात धरला.

“दादा घाटाखाली अडकलाय, काका. तो म्हणाला, आईला ताटकळत ठेवू नका. अग्नी तुम्ही द्या.”