शोभाबाईंच्या पुड्या

“मग त्या सात जणींना सांगितलंस तरी काय?”

“पुडीवाला बाजारात बसंना झालाय म्हणून सांगितलं.”

“खोटं सांगितलंस, माय.”

“मग काय सांगू? चार वर्सं डब्यातून इख आणून चारलं तुमाला, असं सांगू?”

ज्योत्स्ना उंबऱ्यातच उभी होती. ती बिदरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते; आज अर्ध्या दिवसातच परतली होती. आईबरोबर मिलमध्ये बसणारी चन्नव्वा तीन दिवस कामावर नाही, पोटात पाणी ठरत नाही, सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडली, हे तिला डाळ मिलच्या फाटकावरच कळलं होतं.

तिची आई, शोभाबाई, मूळच्या ठाणाकुशनूरच्या. बिदरजवळच्या कोळारच्या डाळ मिलमध्ये त्या अठरा वर्षं निवडणीला बसल्या. उकिडवं बसून बसून गुडघे गेले. तेव्हा कुणीतरी सीमेपलीकडच्या आठवडी बाजारातला पुडीवाला सांगितला. जडीबुटी आहे म्हणायचा. अट एकच: घरच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. तिसऱ्या दिवशी शोभाबाई जिना चढल्या.

वर्षभरात गाल वर आले, चेहरा भाकरीसारखा गोल झाला, पोट सुटलं. जन्मभर वाळक्या काटकीसारख्या राहिलेल्या बाईला अंग धरलेलं बघून मिलमधल्या बाया हरखल्या. शोभाक्काला मानवलं म्हणाल्या. सुजेला आजार म्हणायचं तिथं कुणाला सुचणार? सुखाचं खाणं लागलं, एवढंच. मग एकीएकीनं कानाशी येऊन विचारलं, आणि दर आठवड्याला शोभाबाईंच्या डब्यातून सात जणींच्या पुड्या येऊ लागल्या. कुणाला सांगणार नाही, अशी प्रत्येकीकडून त्यांनी लेकराची शपथ घेतली होती. चन्नव्वानं तर अमृतप्पाच्या, एकुलत्या एका लेकाच्या, डोक्यावर हात ठेवून घेतली. तो झोपलेला असताना.

शोभाबाईंच्या लुगड्याआड काय चाललंय, ते कुणी पाहिलं नाही. दंड-मांड्या बारीक झाल्या. जरा कुठं लागलं की काळंनिळं. पोटावर बोटभर रुंद जांभळे चट्टे. साखर वाढली, बीपी वाढलं. उन्हाळ्यात घागर उचलताना पाठीचा मणका दबला.

डॉक्टरनं मणक्याच्या एक्स-रेआधी चेहरा पाहिला आणि कुठल्या गोळ्या घेता म्हणून विचारलं. शोभाबाई म्हणाल्या, कुठल्याच नाही. ज्योत्स्नानं ट्रंकेच्या तळातून पुडी शोधून त्याच्या टेबलावर ठेवली, तेव्हा कुठं उलगडा झाला. पुडीत स्टेरॉइड होतं. डॉक्टरनं शांतपणे समजावलं. कॉर्टिसॉल नावाचा रस आपलं शरीर स्वतःच बनवतं. कधी मेंदूतल्या किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होऊन तो फार वाढतो, तशी गाठ असेल तर ऑपरेशन लागतं. तुमचं तसं नाही, तुमचं सगळं बाहेरून आलंय. बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर ग्रंथी झोपल्या, स्वतः रस बनवायचं विसरल्या. आता पुडी बंद, पण त्याऐवजी रोज सकाळी त्याच औषधाची मोजून गोळी. ती महिन्या-महिन्यानं कमी करत नेऊ, रक्त तपासत. एकदम सोडलं तर जिवावर बेतेल.

शोभाबाईंनी गोळी धरली आणि बाजाराला जाणं सोडलं. सात जणींच्या पुड्या सरल्या.

“तुझी गोळी मी रोज तुझ्या हातावर ठेवते,” ज्योत्स्ना म्हणाली. “त्यांच्या हातावर कोण ठेवायलंय?”

“डॉक्टर मला म्हणला, सोडू नको. त्यांना त्यानं कुठं बघितलं?”

“पुडी तर तीच व्हती ना? आणि चन्नव्वाक्का दोन-दोन खायची, तूच म्हणलीस.”

शोभाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

ज्योत्स्नानं मिलपासूनच अमृतप्पाला फोन केला होता. तो आईला त्यांच्या गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेला होता. ऊन बाधलं म्हणाले, सलाईन लावलंय, संध्याकाळी घरी सोडतील. ज्योत्स्नानं पुडीचं सांगितल्यावर तो चिडला. आमच्या घरात असलं कुणी खात नाही, म्हणाला. तरी त्यानं आईला विचारलं. डोळे उघडायचं त्राण नसलेल्या चन्नव्वानं मान हलवली. नाही.

“मरायला टेकली तरी शपथ मोडंना ती,” ज्योत्स्ना म्हणाली. “नुसत्या सलाईननं ती उठत न्हाई, माय. स्टेरॉइडचंच इंजेक्शन पायजे, आन् ते आत्ता पायजे. मोठ्या दवाखान्यात न्यायला पायजे. माझं तो ऐकंना.”

“मी गेले तर तो मला तिच्याजवळ जाऊ देईल?”

“न्हाई देणार कदाचित.”

“सगळ्या मिलमधी बोभाटा व्हईल.”

“व्हईल.”

बाहेर डाळीचा ट्रक मागं येत होता, त्याची पिरपिर भिंतीपर्यंत येत होती. ज्योत्स्ना शोभाबाईंपुढं खाली बसली.

“सगळ्यांदेखत, अमृतप्पाच्या तोंडावर म्हणावं लागंल, पुडी मी दिली, शपथ मी घातली. म्हणशील का?”

शोभाबाईंनी भिंतीला हात लावला. एका दमात उठणं जमलं नाही, दुसऱ्यांदा उठल्या. पाठीचा पट्टा आवळला, चप्पल पायात सरकवली, आणि लेकीकडं न बघता चन्नव्वाच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या दिशेनं चालू लागल्या.