रोझरीचा उरलेला अर्धा

रविवारच्या मिस्सानंतर आम्ही आमच्या चर्चच्या धर्मग्रामातली माणसं हॉलमध्ये गोल करून बसलो. सगळ्यांचं ऐकणारं चर्च घडवायचं, म्हणून फादरांनी एकच नियम घातला होता: एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, उत्तर कुणी द्यायचं नाही.

एलिझामावशी पदर सावरत म्हणाल्या, "मुलं परदेशी गेल्यापासून माळ हातात घेऊन रोझरी एकटीच म्हणते. 'नमो मारिया' मीच सुरू करते, आणि दुसऱ्यानं द्यायचं पुढचं उत्तरही मीच देते."

नियमाप्रमाणे सगळे गप्प राहिले. मग शेजारचे गृहस्थ पार्किंगवर बोलले.

घरातली पहिली पदवीधर मी. चारचौघांत बोलायला मला याच चर्चच्या शाळेनं शिकवलं, ते उपकार मी विसरत नाही. पण नीट ऐकून घेतलेलं माणूसही किती एकटं राहू शकतं, हे त्या शांततेत कळलं. प्रार्थनासुद्धा दोन तोंडांसाठी बांधलेली असते.

फाटकाशी मी एलिझामावशींना गाठलं. "मावशी, संध्याकाळी रोझरीला येऊ?"

त्या म्हणाल्या, "ये गो बाय. फक्त मी मध्ये थांबले नाही, तर रागावू नको. तुझं उत्तरही मीच म्हणून टाकीन. सवय झालीय."