काऊचा घास नळीला

माझी लेक दीड वर्षाची होती तेव्हा तिला अर्धी वाटी खिमट भरवायला दोन तास लागायचे. त्या दोन तासांत मी हत्ती व्हायचो, पोस्टमन व्हायचो, डोक्यावर पातेलं घेऊन नाचायचो. हौशी नाटकांत मला एवढा वेळ कोणी कधी दिला नव्हता. पण तिला गिळताना ठसका लागायचा, अन्न छातीत उतरायचं, आणि वजनाचा काटा जागचा हलत नव्हता.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटावर छोटं छिद्र करून नळी बसवू. दूध, पेज थेट पोटात जाईल."

रिक्षातून घरी येताना माझे वडील एवढंच म्हणाले, "नळीची सवय लागली की पोर तोंडानं कधी खायची नाही." बायकोनं लेकीला मांडीवर आणखी जवळ ओढलं. भीती तिघांचीही तीच होती.

नळी बसली, आणि पंधरा दिवसांत वडिलांनी घोटाळा केला. नातीला नुसतं दूध म्हणजे अन्याय, म्हणून त्यांनी मेतकूट-भात मिक्सरमधून काढून सिरिंजमध्ये भरला. नळी तुंबली. दवाखान्यातल्या सिस्टरनी ती कोमट पाण्यानं मोकळी केली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "आजोबा, लोणचं वाढायचं राहिलं का?" त्यानंतर महिनाभर वडील सिरिंजच्या वाटेला गेले नाहीत.

गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, नळीतून द्यायचं तरी जेवायला सगळ्यांबरोबर बसवा. ओठाला चव दाखवा, जबरदस्ती नको. मग मी माझा प्रयोग बदलला. वरणात बुडवलेला चमचा आधी तिच्या ओठांशी: हा चिऊचा. मग सिरिंज नळीला: हा काऊचा. चिऊच्या वेळी ओठ घट्ट मिटलेले. काऊची पाळी आली की बाईसाहेब स्वतःच फ्रॉक वर करायच्या.

काऊ चांगला पोसला. वजन वाढलं, गाल आले, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. चिऊ मात्र उपाशीच. वर्ष उलटल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या चिऊनं बहुतेक लांब वारज्यात फ्लॅट घेतलाय. ती काही परत येत नाही."

मी प्रयोग चालूच ठेवला.

ती साडेतीन वर्षांची असताना गिळण्याची तपासणी पहिल्यांदा चांगली आली. त्याच आठवड्यात, एका रविवारी दुपारी, तिनं आजोबांच्या ताटातल्या वरणात बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. चोखलं. गिळलं. आम्ही ठसक्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही. मग तिनं तेच बोट नळीच्या झाकणाला लावलं आणि म्हणाली, "आता काऊ."

मी सिरिंज भरायला घेतली. वडिलांनी ताट तिच्याकडे सरकवलं आणि हळूच मला विचारलं, "चालेल ना रे? गाळून देऊ का?"

नळी निघायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. आता ती कॉलेजात आहे, पोटावरच्या व्रणाला दुसरी बेंबी म्हणते. परवा आम्ही मिसळ खायला गेलो होतो. तिनं पहिला घास उचलला, आणि माझी भरवतानाची जुनी सवय, समोर बसून माझंही तोंड उघडलं.

"बाबा," ती तर्रीची वाटी ओढून घेत म्हणाली, "मिटा. लोक बघतायत."