मारुतीपाशी अडलेली घोडी

माझ्या लग्नात मी घोड्यावरून पडलो. आमच्याकडे नवरदेव घोड्यावर बसून आधी गावच्या मारुतीच्या पाया पडतो, मग मांडवात जातो. देवळासमोर पोचलो आणि फेट्यासकट घसरलो तो थेट मेव्हण्याच्या अंगावर. मुहूर्त टळेल म्हणून मला तसंच उचलून मांडवात नेलं. नवरी तेव्हा तिथं नव्हती, पण गेली बावीस वर्षं ती हा प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगते. घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग माझं पडणं.

पन्नाशीला टेकलो आणि एकदाचं तिचं तोंड बंद करायचं ठरवलं. त्र्यंबक रोडकडच्या एका रायडिंग क्लबात नाव घातलं. अंबडच्या कारखान्यात दिवसभर माणसं हाकतो, घोडी हाकायला काय लागतं! पहिला महिना मांड्यांनी मला जिना उतरू दिला नाही. शिकवणारे सर फौजेतले. त्यांना माझ्यापेक्षा घोडीची काळजी. "पाठ सरळ! पोतं आहात का?" तरी हळूहळू दुडकी चाल जमली, मग धावही. पहिल्यांदा वारा कानाला लागला तेव्हा डोळे भरून आले. डोळ्यांत धूळ गेली, असं सरांना सांगितलं.

मग एका रविवारी सकाळी बायकोला बघायला बोलावलं. सर म्हणाले, "रिंगणातच फिरवा." पण रिंगणात काय, सर्कशीतलेही फिरतात. मी घोडी बाहेरच्या रस्त्यावर काढली. झकास धावली. बायको वळणावर उभी होती, बॅगेत मोबाइल शोधत. तिच्या शेजारी शेंदूर फासलेला मारुती. घोडी बरोबर त्याच्यासमोर थांबली. टाच मारली, लगाम सैल सोडला, चुचकारलं. ढिम्म.

घोड्यांची देखभाल करणारे काका मागून धापा टाकत आले. "ती नाय हलायची, सायेब. लय वराती केल्यात तिनं. नवरदेव उतरून पाया पडल्याबिगर म्होरं जात नाय."

झालं! पाहुण्यांसाठी दुसरा अंक तयार. मी मान खाली घालून बायकोच्या हसण्याची वाट पाहू लागलो.

ती हसली नाही. जवळ येऊन म्हणाली, "उतरा. तेव्हा पाया पडायचं राहिलंच होतं ना तुमचं."

मी उतरलो. दोन्ही पायांवर. माझी धाव तिच्या मोबाइलमध्ये नाहीच, हे उतरणं मात्र आहे. हल्ली चहानंतर पाहुण्यांना तेच दाखवते.