हिरव्या दोऱ्याचा डबा

ताईंनी दोऱ्याचं विचारलं त्याच क्षणी मला सगळं आठवलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पुढं कबुली दिली तीही हे वगळूनच.

विद्यापीठाच्या फाटकाजवळ एक बेकरी आहे. मूळची नान आणि खारी-टोस्टची. मालकाच्या मुलानं टेबलं टाकून, कॉफीचं मशीन आणून तिचा कॅफे केला, तरी गल्ल्यावर जुने मालकच बसतात. त्यांना सगळे चाचा म्हणतात. काउंटरवर ताई असायच्या. पुंडलिकनगरातून यायच्या, वयानं माझ्याहून थोड्या लहान, पण अख्ख्या कॅम्पसच्या ताई. दुपारच्या गर्दीत नावं कुठून लक्षात राहणार? त्या पोरांना विभागावरून हाका मारायच्या. "ए केमिस्ट्री, तुझं पॅटिस गार होतंय की!" "कायदेवाले, भांडण बाहेर, चहा आत!" मी परीक्षा विभागात. मला म्हणायच्या, "परीक्षा साहेब, हसा की जरा. निकाल काय तुमचाच हाय का?" मी हसायचो नाही, पण रोज जायचो.

तिथं एक रीत आहे. बिनअंड्याच्या केकच्या डब्याला हिरवा दोरा, अंड्याच्या डब्याला लाल. डबे सारखेच, फरक फक्त दोऱ्याचा. चतुर्थीला तर हिरव्या दोऱ्याच्या डब्यांनी कपाट भरलेलं असतं.

त्या दिवशी मी दोन केक घेतले. एक अंड्याचा, ऑफिसात निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी. दुसरा बिनअंड्याचा, घरी आईच्या पंच्याहत्तरीसाठी. आई माळकरी आहे, अंडं घरात येत नाही. ताईंनी दोन्ही डबे बांधून दिले. मी ते दोऱ्यानंच स्कूटरच्या हुकाला लटकवले. वळणावर डबे एकमेकांवर आपटायला लागले, म्हणून थांबलो, किल्लीनं दोन्ही दोरे कापले आणि डबे पायाजवळ एकावर एक ठेवले. वरचा कोणता, खालचा कोणता, हे लक्षात राहील असं वाटलं.

संध्याकाळी आईनं पहिला घास घेतला आणि बायको म्हणाली, "अहो, याला अंड्याचा वास येतोय." आई उठली, चूळ भरली. दुसऱ्या दिवशी तिनं उपास धरला. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तो न बोललेला शब्द घेऊन मी दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत बेकरीवर गेलो आणि ओरडलो, "माझ्या आईला अंडं खायला घातलंत तुम्ही!"

सगळे वळून बघायला लागले. ताई म्हणाल्या, "साहेब, डब्याचा दोरा हिरवा होता ना?"

तेव्हाच आठवलं. स्कूटर, वळण, किल्ली.

"कसला दोरा?" मी म्हणालो. "दोरा नव्हताच!"

"मी तर बांधला होता," ताई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "बांधला होता ना?"

मागून कुणीतरी बोललं, "यांच्याकडून घेता कशाला? यांचं असंच असतं." चाचांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. चाचांनी हात जोडले, "गलती हो गई साहब, माफ करो," आणि दुसरा केक दिला. मी तो घेतला.

त्यानंतर ताई आत, पॅकिंगला. काउंटरवर टोकनचे नंबर दाखवणारा पडदा आला. नंबर दिसायचा, माणूस उठायचा, प्लेट घेऊन बसायचा. पोरं विचारायची, "चाचा, ताई कुठायत?" चाचा म्हणायचे, "अंदर हैं." मी जात राहिलो. एकदम बंद केलं तर कुणाला तरी संशय येईल, ही माझी भीती.

मागच्या आठवड्यात माझ्यापुढं दोन मुली उभ्या होत्या. एकीला बिनअंड्याचा केक हवा होता. दुसरी म्हणाली, "इथं नको घेऊस. इथं अंडं मिसळतात, सगळ्यांना माहितीये." चाचा नोटा सारख्या करत राहिले, जणू ऐकलंच नाही. त्या दोघी निघून गेल्या. माझंच वाक्य होतं ते, माझ्याशिवाय हिंडायला लागलेलं.

गर्दी ओसरल्यावर मी गल्ल्यापाशी गेलो. "चाचा, ते दोरे मीच कापले होते. केकची अदलाबदल माझ्याकडून झाली."

चाचांनी हातातल्या नोटा गल्ल्यात ठेवल्या. मग म्हणाले, "मेरे कू नक्को बोलो साहब. उनकू बोलो."

आत पिठाच्या पोत्यांमध्ये ताई बटरपेपर कापत होत्या. मी सांगितलं, माफी मागितली, आणि शेवटी जोडलं, "हे मला नंतर आठवलं."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे मी चुकले नव्हते?"

"नाही."

"तवापासनं मी प्रत्येक डबा परत उघडून बघते साहेब. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातनं घरी माघारी जाते." मग म्हणाल्या, "लई वाईट केलंत."

मी मान हलवली.

"मान काय हलवता? चाचांना सांगा, मला बाहेर बसायचंय."

सांगावं लागलंच नाही, चाचा दारातच उभे होते. दुसऱ्या दिवशी ताई काउंटरवर दिसल्या तेव्हा पोरांनी टेबलं बडवली. टोकनचा पडदा अजून आहे, पण त्याच्याकडं बघतं कोण? नवीन पोरंसुद्धा त्यांच्या हाकेनं उठतात. काल मलाही हाक आली, "ओ परीक्षा साहेब, तुमचा चहा! साखर कमी, पाप जास्त!"

सगळे हसले. मीही हसलो, त्या बेकरीत बहुधा पहिल्यांदाच. ताईंनी मला सोडलेलं नाही, आणि हाकललेलंही नाही.

पण हसणाऱ्यांपैकी कुणालाच त्या विनोदाचा अर्थ माहीत नव्हता. माझा आरोप भर गर्दीत झाला होता, माफी मात्र आतल्या खोलीत मागितली, आणि तीही अर्धीच खरी. तेव्हा देणं उरलंय ते असं. मला सगळं तिथल्या तिथं आठवलं होतं, हे ताईंना सांगायचंय. चूक बेकरीची नव्हती, हे आईला सांगायचंय. आणि दुपारच्या गर्दीत, ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्यानं म्हणायचंय की डबे बरोबर होते, खोटं मी बोललो होतो.