तेजरामांची पायरीवरची फिल्म

श्री. तेजराम बोपचे आमच्याच ओळीतील क्वार्टरमध्ये राहत असत. मूळ गाव गोंदियाकडील, नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात. १९९१ साली त्यांच्या मेव्हण्याने आखातातून एक लहान व्हिडिओ कॅमेरा आणून दिला. तेव्हा शेजारीपाजारी घरच्या लग्नांसाठी त्यांना आतापासूनच सांगून ठेवू लागले. तेजरामांनी सर्वांना हात जोडले. त्यांना पायरीची फिल्म करावयाची होती.

पायरी म्हणजे काय, हे सांगणे आवश्यक आहे. कोळसा भाजणाऱ्या कोक भट्टीवरची पहिली पाळी सुटली की माणूस दुपारी सायकलने घरी येई. परंतु तो लगेच आत जात नसे. घरच्या बाईने पायरीजवळ पाण्याची बादली भरून ठेवलेली असे. पाय धुण्याआधी तो काही वेळ नुसता बसे. त्या वेळी त्याला कोणी हाक मारू नये, अशी आमच्याकडे रीत होती. त्या बसण्याची फिल्म तेजरामांना हवी होती. तीत गाणे नव्हते, गोष्टही नव्हती.

अडचण अशी की कॅमेरा म्हणजे लग्न, हे सर्वांच्या मनात पक्के होते. तेजराम समोर उभे दिसले की माणूस थेट आत जाई, आंघोळ करी, इस्त्रीचा शर्ट घाली आणि मग पायरीवर येऊन ताठ बसे. शेजारच्या केवलरामांनी तर गॉगल लावला.

"केवलराम, जसा आला तसाच बस ना बाप्पा!"

"वा रे वा! तुह्या फिल्ममदी मी भुतावानी दिसू काय? माह्या सासरचे पाहातीन ना!"

तेजराम स्वतः रात्रपाळी करून आलेले असत. झोप सोडून, लाल डोळ्यांनी उभे राहत आणि शर्टांची चित्रे घेऊन परत जात.

त्यांना सर्वांत अधिक आमच्याच ओळीतले देवाजी हवे होते. देवाजींचे सारे आयुष्य भट्टीवर गेले होते. त्यांच्यासारखे कोणी बसत नसे, आणि महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्यानंतर ते बसणे मिळणार नव्हते. परंतु देवाजी प्रत्येक वेळी कोट घालून येत.

"देवाजीभाऊ, कोट कावून घालता? मले थकलेला माणूस पायजे."

"थकलेला त आहोच रे. ते लोकायले कावून दाखवाचं?"

शेवटच्या दिवशी हार आले, गुलाल उधळला गेला, भाषणे झाली. देवाजींच्या पत्नी सिंधुताई म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यायची शूटिंग घे बरं. कोणी राहून नोको जाय." तेजरामांना नाही म्हणवले नाही. भाषणे संपेपर्यंत बॅटरी उतरली. मंडळी गेल्यावर देवाजींनी हार खुंटीला अडकवला, कोट काढला आणि ते पायरीवर येऊन बसले. खांदे उतरलेले, हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडे. तेजराम बंद कॅमेरा मांडीवर घेऊन समोर बसून राहिले. त्यांनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटण्याच्या वेळेस तेजराम बॅटरी चार्ज करून पुन्हा देवाजींच्या दारी गेले. निदान रिकामी पायरी तरी घ्यावी, एवढाच विचार होता. त्यांनी कॅमेरा सुरू केला. तेवढ्यात सिंधुताई भरलेली बादली घेऊन बाहेर आल्या. बादली ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले की आज कोणी यावयाचे नाही. देवाजी आत झोपले होते. त्या थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग पायरीवर बसल्या आणि स्वतःचेच पाय त्यांनी बादलीत सोडले.

"माह्यी शूटिंग कावून काढून राहिला रे? मी कुठं ड्यूटी केली?"

"बसा, वहिनी."

लुगडे मळके होते, केस सुटलेले होते. उठून बदलून येण्याइतके त्राण त्यांच्यात उरले नव्हते. त्या तशाच बसून राहिल्या. तेजरामांनी कॅमेरा बंद केला नाही.