बाबांनी न वाचलेला लेख

बाबांचं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि त्याच दुपारी मी जाहीर करून टाकलं की बाबांची तब्येत झपाट्याने सुधारते आहे, रविवारी ते घरी येतील.

मुद्दाम केलं असतं तर लोकांनी मला वेड्यात तरी काढलं असतं. मी फक्त चुकीचं बटण दाबलं होतं.

मी ब्लॉग लिहितो. वाचक म्हणजे आमचेच नातेवाईक, त्यातलेही निम्मे चुका काढायला येतात. आमच्या समा भागातल्या सोसायटीत पूर्वी नेट जावयासारखं यायचं, मनात आलं तर. म्हणून मी संगणकावर एक प्रोग्रॅम घालून घेतला. नेट नसताना त्यात लेख लिहायचा, फोटो लावायचे. नेट आलं की एक बटण दाबायचं, लेख ब्लॉगवर. पुढे नेट सुधारलं, मी नाही. त्याला कारण बाबा. लिहिताना नेटची तार काढून ठेवायची, हा त्यांचा नियम. लेख झाला की शेजारच्या खुर्चीत बसून, पडद्यावर बोट फिरवत ते वाचायचे. "तुझे आजोबा एवढे गोड नव्हते रे," म्हणून एखादं विशेषण काढायला लावायचे. मग "हं, पाठव आता," म्हणत स्वतःच्या हाताने तार लावायचे. त्याशिवाय आमच्या घरातून एक ओळ बाहेर जात नाही, हे अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक होतं.

तब्येत सुधारत असल्याचा तो लेख मी बाबा दवाखान्यात असताना लिहिला. डॉक्टर म्हणाले होते, रविवारी सोडू. घरी आल्यावर वाचतील, म्हणून कच्च्या लेखांत ठेवून दिला. रविवार उजाडायच्या आतच बाबा गेले.

त्या दुपारी तो पुसून टाकावा म्हणून उघडला. पडद्यावर त्यांच्या बोटांचे डाग तसेच होते. डोळ्यांत पाणी, चष्मा कपाळावर. पुसायचं सोडून पाठवायचं बटण दाबलं गेलं. एरवी काही बिघडलं नसतं. पण दिवसांसाठी आलेल्या लेकीने ऑफिसच्या कामाला तार लावून ठेवली होती.

ब्लॉगवरून लेख काढतोय तोवर इंदूरहून आत्याचा फोन. ही बाबांची धाकटी बहीण. तिच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बाबा गेल्याचं तिच्यापासून लपवलं होतं. फॅमिली ग्रुपमधूनही गुपचूप काढलं होतं तिला. ब्लॉग कुणाच्या डोक्यातच आला नाही.

"रविवारी येतोय ना? दे त्याला फोन."

"झोपलेत," मी म्हणालो.

"मग राहू दे. अरे, तुम्ही सगळे हल्ली माझ्याशी इतकं गोड बोलताय, मला वाटलं काहीतरी झालंय. तुझा लेख आला आणि जीव भांड्यात पडला. त्याने वाचल्याशिवाय तू कुठे काही पाठवतोस?"

बायको समोर उभी होती. तिने नुसती मान हलवली. सांगून टाका.

"आत्या, वहिनी जवळ आहे का?"

"ही काय, सूनबाई चहा देतेय. का रे?"

"हा लेख बाबांनी वाचलेला नाही."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"कधी?"

मी सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं, आमची भीती सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लहान मुलीसारखं विचारलं, "मग तार कुणी लावली?"

"लेकीने लावली होती, आत्या. मी बघितलं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन वहिनीकडे दिला.

फोन ठेवून मी पुन्हा संगणकाशी बसलो. प्रोग्रॅममध्ये लेखाची कच्ची प्रत अजून होती. या खेपेला चष्मा नाकावर घेतला. तेवढ्यात बायकोने येऊन तार उपटली, गुंडाळली आणि बाबांच्या खुर्चीवर ठेवली.

"यापुढे तार मी लावणार," ती म्हणाली. "तुमचं बटण बघितलं आज." मग पडद्याकडे बघून हळू आवाजात, "आणि तो पुसू नका. इथे तरी येऊ द्या त्यांना रविवारी."